सासू-सासऱ्यांचा दवाखाना सुरक्षित आहे का, हे घरच्यांनी कसं पाहायचं?

प्रश्न: माझे सासू-सासरे सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. सासरे ७६ वर्षांचे, त्यांना बीपी आहे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. सासूबाई ७१, त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी वयामुळे काम थांबवलं. आता दोघं जवळच्याच एका नव्या दवाखान्यात जातात. खाली ओपीडी, वर आठ खाटा. डॉक्टर बोलायला चांगले आहेत, गर्दीही असते. पण सासूबाईंना अशक्तपणासाठी महिन्यातून एकदा सलाईन लावतात आणि गुडघ्यांसाठी पुडीतून गोळ्या देतात. त्या म्हणतात, गुण लगेच येतो. आम्ही पुण्यात असतो, महिन्यातून दोनदा गावी जाणं होतं. मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. दवाखाना नीट आहे की नाही हे कसं तपासू? आणि डॉक्टरांना वाईट न वाटता कसं विचारू?
एक सून, पुणे

ताई,

डॉक्टरांचं निदान बरोबर आहे का, हे तुम्हाला ठरवता येणार नाही. पण सुई कुठून येते, गोळीचं नाव कागदावर लिहिलं जातं का आणि रात्री दोन वाजता वरच्या मजल्यावर कोण जागं असतं, हे पाहायला डिग्री लागत नाही. छोट्या दवाखान्यात रुग्णाचं नुकसान बहुतेक वेळा अशा साध्या गोष्टींतून होतं. त्यामुळे फरशी, एसी, टीव्ही यांकडे पाहू नका. उडालेला रंग आणि मोडकी खुर्ची असलेले अतिशय सुरक्षित दवाखाने गावोगावी आहेत.

'सरकार तपासतच असेल ना' असं पुष्कळांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. ज्या ठिकाणी रुग्णाला खाटेवर ठेवून घेतात, तिथे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागू होतो आणि नोंदणी करावीच लागते. ही नोंदणी तीन वर्षांची असते, नंतर नूतनीकरण. नुसत्या ओपीडीला मात्र हा कायदा लागू नाही. दवाखान्यांसाठीचा केंद्राचा २०१० चा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. म्हणजे तुमच्याकडे वरच्या आठ खाटांची तपासणी करणारी यंत्रणा कागदावर तरी आहे. खालच्या तपासणीच्या खोलीकडे नियमाने फिरकणारं जवळपास कुणी नाही. तिथे घरच्यांचेच डोळे.

पाहायला जाल ते दुपारच्या निवांत वेळी जाऊ नका. आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा शनिवारी संध्याकाळी, खोली भरलेली असताना जा. सवयी गर्दीत ढिल्या पडतात. सासूबाईंबरोबर आत जा आणि इंजेक्शनच्या टेबलाजवळ उभ्या राहा.

त्या टेबलावर काय पाहायचं ते नीट सांगतो, कारण सगळ्यांत जास्त धोका इथे असतो. सिरिंज आणि सुई सीलबंद पाकिटातून, तुमच्या समोर फोडली गेली पाहिजे. आधीच औषध भरून ट्रेमध्ये मांडून ठेवलेल्या सिरिंजांची रांग दिसली, तर त्यात काय आहे, कधी भरलं, कुणी भरलं हे कुणालाच सांगता येत नाही. आता बाटली पाहा. एकाच बाटलीतून अनेकांना औषध दिलं जात असेल तर तिच्यावर उघडल्याची तारीख लिहिलेली हवी. साधारणपणे २८ दिवसांनंतर, किंवा कंपनीने कमी मुदत दिली असेल तर त्यानंतर, ती फेकायची असते. बाटलीच्या रबरी बुचात सुई कायमची खुपसून ठेवली असेल तर ते फार वाईट लक्षण समजा. त्या सुईतून हवा आणि जंतू सतत आत जातात, आणि एकदा कुणी वापरलेली सिरिंज तिला जोडली की पुढच्या प्रत्येकाला आधीच्या रुग्णाच्या रक्ताचा अंश मिळू शकतो. सुई बदलली पण सिरिंज तीच ठेवली, हे तर सर्रास होतं. सुई काढताना थोडं रक्त सिरिंजमध्ये खेचलं जातं, म्हणून नुसती सुई बदलण्याला काही अर्थ नसतो.

स्पिरिटचे बोळे बरणीत आधीच भिजवून ठेवलेले असतात, तेही टाळायला हवं. दिवसभर हात बुडवलेल्या त्या बरणीत जंतू वाढतात. कोरडा कापूस आणि वेगळी स्पिरिटची बाटली, ऐन वेळी भिजवलेला बोळा, ही योग्य रीत.

सासूबाईंची साखर तिथेच बोट टोचून पाहत असतील, तर तो क्षण चुकवू नका. पेनासारखं टोचणीचं यंत्र सगळ्यांना एकच वापरलं जातं का? आतली सुई बदलली तरी त्या पेनाच्या टोकावर रक्ताचा न दिसणारा थेंब राहतो, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. एकदा टोचून आपोआप बंद होणारी, फेकून द्यायची लॅन्सेट स्वस्त मिळते. दवाखान्यात ती नसेल तर घरून घेऊन जा. इन्सुलिनचं पेन तर दोन माणसांत कधीच वाटायचं नसतं, सुई नवी असली तरी.

टोचून झाल्यावर सुईचं काय होतं तेही बघा. तिथल्या तिथे कटरने तोडली जाऊन, न भोसकता येणाऱ्या पांढऱ्या डब्यात गेली पाहिजे. जैव-वैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम छोट्या ओपीडीलाही लागू आहेत: रक्ताचा कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्यात, सिरिंज-नळ्या-हातमोजे लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या आणि अँप्युल (औषधाच्या छोट्या कुप्या) निळ्यात, आणि हा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नसतो. बादल्या चार रंगांच्या असून आत सगळं एकत्र असेल, तर त्या तपासणीपुरत्या आणल्यात. 'कचऱ्याची गाडी कोणत्या दिवशी येते?' एवढं मावशींना विचारा. ज्या दवाखान्यात गाडी खरंच येते तिथे त्या वार सांगतात.

आता सलाईन. यावर आमचं मत स्पष्ट आहे. तोंडाने खाता-पिता येणाऱ्या माणसाला अशक्तपणासाठी दरमहा सलाईन लावणं हा उपचार नाही. ५०० मिलीच्या डीएनएस (साखर-मिठाच्या सलाईनच्या) बाटलीत २५ ग्रॅम साखर आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. म्हणजे शंभरहून कमी कॅलरी. एक वाटी वरण-भात त्याहून जास्त देतो. बारा वर्षांचा मधुमेह असलेल्या बाईला २५ ग्रॅम साखर थेट शिरेतून कशासाठी द्यायची? 'तरतरी' येते ती बाटलीत घातलेल्या जीवनसत्त्वाच्या पिवळ्या रंगाने, दोन तास आडवं पडल्याने आणि कुणीतरी लक्ष दिल्याने. बदल्यात प्रत्येक वेळी शिरेत एक छिद्र आणि त्यातून संसर्गाची वाट. अशक्तपणा खरा असेल तर त्याचं कारण शोधा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ (मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होतं), किडनी, रात्री साखर उतरणं. सलाईन लावण्याआधी यातलं काय तपासलं, हा साधा आणि रास्त प्रश्न आहे.

सासऱ्यांना कधी सलाईन लागलीच, तर वेगाकडे लक्ष ठेवा. नेहमीच्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिली होतो. ५०० मिली चार तासांत द्यायचे तर मिनिटाला साधारण ४० थेंब. गर्दीच्या दिवशी खाट मोकळी करायला हीच बाटली तासाभरात संपवली जाते, तेव्हा थेंब १६० च्या पुढे जातात. हृदय अशक्त असलेल्या माणसाच्या फुप्फुसात पाणी भरायला एवढं पुरतं. धाप लागली, आडवं पडवेना, कोरडा खोकला सुरू झाला, तर आधी सलाईनची चाकी बंद करायला लावा, मग विचारपूस. आणि प्लास्टिकच्या बाटलीत हवेसाठी वरून उघडी सुई खुपसलेली दिसली तर हटका. खोलीतली गाळली न गेलेली हवा त्यातून बाटलीत जाते.

पुडीतल्या गोळ्यांची आम्हाला सलाईनपेक्षा जास्त काळजी वाटते. स्वतःच्या रुग्णाला औषध स्वतः देण्याची डॉक्टरांना मुभा आहे, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते नाव न सांगता देणं. गुडघेदुखी एका दिवसात पळवणाऱ्या बिननावाच्या पुडीत दोन गोष्टी असण्याची शक्यता मोठी असते. एक, डायक्लोफेनॅकसारखं दाहशामक, म्हणजे दुखणं आणि सूज कमी करणारं औषध. ते मधुमेहाने आधीच ताणलेल्या किडनीला बाधतं आणि बीपीही वाढवतं. दुसरं, स्टिरॉइड: प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन. याने भूक वाढते, बरं वाटतं, दुखणं थांबतं. आणि साखर भडकते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा गोल होतो, कातडी पातळ होऊन जरा लागलं तरी निळं पडतं. गोळ्या सुरू झाल्यापासून सासूबाईंची उपाशीपोटीची साखर चढली का? जुन्या डॉक्टरांकडचे रिपोर्ट आणि आताचे शेजारी ठेवून पाहा. चेहरा भरल्यासारखा दिसतो का, ते सहा महिन्यांपूर्वीचा फोटो काढून बघा.

एक सावधगिरी. संशय आला म्हणून या गोळ्या एका दिवसात बंद करू नका. आठवडे-महिने स्टिरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड) बनवणं कमी करतं. अचानक तोडलं तर उलट्या, बीपी घसरणं, ग्लानी, प्रसंगी जिवावर बेतणं. उरलेल्या गोळ्या आणि पुडीचा कागद जपून ठेवा, डॉक्टरांकडून नाव लिहून घ्या, आणि नाव मिळत नसेल तर साताऱ्यात किंवा पुण्यात फिजिशियनना दाखवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करा.

नाव मागताना शब्द असे वापरा: 'डॉक्टर, आईंना पुण्यात डोळे दाखवायचे आहेत. तिथे चालू औषधं विचारतात. सगळ्या गोळ्यांची नावं, डोस आणि किती दिवस, एवढं लेटरहेडवर लिहून द्याल का?' यात आरोप नाही, आणि मधुमेह्याला वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासावाच लागतो, तेव्हा खोटंही नाही. चांगला डॉक्टर दोन मिनिटांत लिहून देईल. 'आमची स्पेशल गोळी आहे' असं उत्तर आलं, तर तुमच्या अर्ध्या पत्राचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं.

त्या लेटरहेडवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही पाहा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी तो दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठी, दाखला, पावती या सगळ्यांवर लिहायचा असतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून तो शोधता येतो. दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, ते झालंय का तेही बघा. आयुर्वेदाच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथीची त्यांच्या स्वतंत्र परिषदेकडे. पाटीवर 'एमडी' असेल तर कशातलं एमडी, ते वाचा. आयुर्वेदाचं एमडी ही खरी, कष्टाची पदवी आहे, पण ती मेडिसिनची पदवी नाही. सासऱ्यांच्या स्टेंटच्या (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीच्या) गोळ्या बदलण्याआधी हा फरक तुम्हाला माहीत असायला हवा. 'अल्टरनेटिव्ह मेडिसिन'चं एमडी असेल तर तिथे थांबू नका.

वरच्या मजल्यावर जायला निमित्त लागत नाही. 'कधी ॲडमिट करायची वेळ आली तर खोली पाहून ठेवते' म्हणा. नोंदणीचं प्रमाणपत्र दिसेल अशा ठिकाणी लावणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यावरची मुदत आणि खाटांची संख्या वाचा. प्रमाणपत्र पाच खाटांचं आणि खाटा आठ, हे पुष्कळ ठिकाणी असतं. २०२१ मध्ये या कायद्याचे नियम सुधारले, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद लावणं आणि दरपत्रक पाहायला उपलब्ध ठेवणं आवश्यक झालं. बिलासाठी रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही, बाहेरच्या दुकानातून औषध घेण्याचा हक्क आहे, बाईची तपासणी पुरुष डॉक्टर करत असतील तर दुसरी बाई हजर हवी; हे सगळं त्यात आहे.

मग रात्रीची चौकशी करा. रात्री डॉक्टर इमारतीत असतात की फोनवर? असतात ते कोणत्या पदवीचे? सिस्टरची नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आहे, की दहावी झालेल्या मुलीला इंजेक्शन शिकवून उभं केलंय? ती मुलगी मनापासून काम करत असेल, तिला दोष देऊ नका, पण नाडी मंद होतेय हे तिला वेळेवर कळणार नाही. दिवे गेले तर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि सक्शन (घशातला कफ ओढणारं यंत्र) कशावर चालतं? छताचा पंखा चालवणारा घरगुती इन्व्हर्टर पुरेसा नाही.

ऑक्सिजनचा सिलिंडर काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्याचा असतो. जवळ जाऊन काटा पाहा. भरलेला सिलिंडर साधारण १५० किलो दाब दाखवतो. काटाच नसेल, चावी सिलिंडरला बांधलेली नसेल किंवा ती कुठे आहे हे कुणाला ठाऊक नसेल, तर तो सिलिंडर शोभेचा. मधल्या आकाराच्या, बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर वायू मावतो. मिनिटाला पाच लिटरने तो पाच तास पुरतो. सासऱ्यांना साताऱ्यापर्यंत न्यायला तेवढा भरपूर झाला, पण भरलेला असेल तरच.

'इमर्जन्सी ट्रे' पाहायला मागणं तुम्हाला अवघड वाटेल. तरी एक गोष्ट जरूर विचारा: 'इंजेक्शनची रिॲक्शन आली तर ॲड्रेनॅलिन असतं ना इथे?' एक मिलीची, एक मिलिग्रॅमची छोटी अँप्युल, फार महाग नसलेली. तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणारं पहिलं औषध हेच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं. ॲव्हिल (ॲलर्जीचं नेहमीचं औषध) आणि डेक्सा (स्टिरॉइड) नंतरची. जिथे 'आम्ही ॲव्हिल देतो' एवढंच उत्तर येतं, तिथे प्रतिजैविकाचं इंजेक्शन घेऊ नका. असेल तर मुदत पाहा. कधीतरीच लागणारं औषध ट्रेमध्ये मुदत उलटून पडलेलं असतं. आणि कोणतंही इंजेक्शन झाल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, हे सासूबाईंना पक्कं सांगून ठेवा. रिक्षा थांबली आहे म्हणून उठायचं नाही.

ड्रेसिंग किंवा टाके घालायची वेळ आली तर निर्जंतुक केलेलं साहित्य कसं ओळखायचं? पाण्यात उकळून जंतूंचे बीजाणू मरत नाहीत, ऑटोक्लेव्हच, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्रच, लागतो. १२१ अंश, १५ पौंड दाब, गुंडाळलेल्या गठ्ठ्यांना साधारण अर्धा तास. पॅकवर तारीख आणि तिरक्या पट्ट्यांची चिकटपट्टी असते, पट्ट्या काळ्या पडलेल्या हव्यात. काळ्या पडल्या म्हणजे उष्णता लागली, एवढंच सिद्ध होतं. आतपर्यंत वाफ पोहोचली हे नाही. उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये सुरुवातीची हवा बाहेर सोडली नाही तर काटा १५ पौंड दाखवतो आणि आत १२१ अंश होतच नाहीत. ड्रम ठासून भरला किंवा त्याच्या बाजूच्या खिडक्या उघडायला विसरलं, तरी तेच. तुम्ही एवढंच पाहा: पॅक कोरडा आहे का, फाटलेला नाही ना, आणि तुमच्यासाठी उघडला गेला का. ओलसर पॅक निर्जंतुक नसतो. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेला ओल्या पॅकमधला चिमटा लागणं म्हणजे बोट गमावण्याच्या वाटेवरचं पहिलं पाऊल ठरू शकतं.

आगीचं थोडक्यात, पण टाळू नका. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आगीतच कोविडचे रुग्ण गेले. आठ खाटांचा दवाखाना त्यामानाने लहान, पण जिना एकच असतो. तो जिना रिकामा आहे की त्यावर सलाईनचे खोके रचलेत? खिडक्यांच्या जाळ्या आतून उघडतात का? अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या भागात आहे का? अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं 'नमुना ब' प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत घ्यायचं असतं. मागून पाहा.

लस तिथे घेणार असाल (या वयात दोघांना फ्लूची आणि न्यूमोकॉकलची लस घ्यावी, असं आमचं सांगणं) तर फ्रिजमध्ये तापमापक आहे का पाहा. २ ते ८ अंश, रोज दोन वेळची नोंद. दारातल्या कप्प्यात ठेवलेली किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटलेली लस नको. यातल्या बऱ्याच लशी गोठल्या की निकामी होतात आणि बाहेरून काही कळत नाही.

इथवर सुरक्षितता झाली. उपचार किती काळजीने होतात हे कळायला सासूबाईंची फाईल पुरेशी आहे. स्थिर असलेल्या मधुमेह्याची एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) सहा महिन्यांनी, साखर ताब्यात नसेल तर तीन महिन्यांनी. किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिॲटिनिन वर्षातून एकदा तरी. डोळ्यांचा पडदा वर्षाला. आणि पाय! मोजे काढायला सांगून, बोटांच्या बेचक्यात पाहून, नायलॉनच्या धाग्याने संवेदना तपासणारा डॉक्टर भेटला तर त्याला सोडू नका. दवाखान्यातली खुर्ची कितीही साधी असो. सासऱ्यांचं बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसवतात का, पट्टा उघड्या दंडावर बांधतात का, कधीतरी उभं करून मोजतात का? शर्टावरून, बोलता बोलता, दाटीवाटीत मोजलेल्या आकड्यावर गोळी वाढवली की सकाळी उठताना चक्कर येऊन माणूस पडतो. खुब्याचं हाड मोडलेली अशी कितीतरी म्हातारी माणसं आहेत.

हे सगळं एका भेटीत करायला जाऊ नका, नाहीतर डॉक्टरांना वाटेल छापा पडला. पहिल्या भेटीत इंजेक्शनचं टेबल आणि लिहून घेतलेली चिठ्ठी. दुसऱ्या भेटीत वरचा मजला. फाईल घरीच वाचता येते.

जे सापडेल ते तीन तऱ्हांचं असेल. वापरलेली सुई किंवा सिरिंज पुन्हा वापरणं, नोंदणी नसलेली व्यक्ती डॉक्टर म्हणून बसणं, औषधाचं नाव सांगायला साफ नकार: यातलं एकही दिसलं तर त्या दिवसापासून जाणं बंद. भिडेखातर आणखी एक सलाईनही नको. भिजवलेले बोळे, तारीख नसलेली बाटली, मुदत संपलेलं ॲड्रेनॅलिन, जिन्यातले खोके, या गोष्टी डॉक्टरांना एकट्यात, दार लोटून सांगा. 'तुमच्या लक्षात आलं नसेल म्हणून सांगते' एवढ्या शब्दांत. एकहाती दवाखाना चालवणाऱ्याचं कंपाउंडरच्या टेबलाकडे दुर्लक्ष होतं, आणि पुष्कळ डॉक्टर असं सांगितल्यावर मनापासून सुधारणा करतात. महिन्याने पुन्हा पाहा. बदल झाला असेल तर या डॉक्टरांना धरून राहा. ऐकून घेणारा डॉक्टर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असणं या वयात फार मोलाचं आहे, आणि दीरांनी किंवा कुणी 'सरळ पुण्याला आणा' म्हटलं तरी रोजच्या बीपी-शुगरसाठी त्याची गरज नाही. तिसरी तऱ्हा म्हणजे जुनं फर्निचर, वाट पाहणं, डॉक्टरांचं कमी बोलणं. ते सोडून द्या.

तक्रार करायची झालीच तर योग्य दारात करा. खाटांची नोंदणी, दर, हक्कांची सनद यांसाठी महापालिकेच्या हद्दीत पालिकेचा आरोग्य विभाग. तुमच्यासारख्या तालुक्याच्या गावी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल त्यांची संबंधित परिषद. कचऱ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, औषधांसाठी अन्न व औषध प्रशासन. वर ॲडमिट असतानाचे कागद लेखी मागितले तर ७२ तासांत मिळायला हवेत. ते तीन वर्षं जपून ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, म्हणून उशीर करू नका.

दवाखान्याची शेवटची तपासणी कधी झाली आणि त्यात काय आढळलं, हेही माहितीच्या अधिकारात विचारता येतं. खासगी दवाखान्याला हा कायदा थेट लागू नसला तरी तपासणीचा अहवाल सरकारी कार्यालयात असतो. जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा दवाखान्याचं नाव-पत्ता, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि मागील तीन वर्षांतील तपासणी अहवालांच्या प्रती, एवढंच मागा. उत्तराची मुदत ३० दिवस.

पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा फाईलच्या पहिल्या पानावर एक कागद लावून या: दोघांची चालू औषधं डोससह, ॲलर्जी, सासऱ्यांच्या स्टेंटची तारीख आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावं, सासूबाईंचं शेवटचं क्रिॲटिनिन, तुमचा फोन, आणि ठळक अक्षरात १०८. ही रुग्णवाहिका मोफत असते. छातीत दुखायला लागलं तर खालच्या ओपीडीत नंबर लावायचा नाही, हा फोन आधी करायचा, हे सासऱ्यांकडून एकदा तोंडी वदवून घ्या.